दगड सोडणाऱ्याची वाट

हवा कोमट होती, दमट होती, आणि आपल्या वाट्याला येण्याआधी ती शेकडो छात्यांतून फिरून आलेली आहे हे नाकाला कळत होतं. हाताखाली लाकडी कठडा होता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या घामेजल्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. डोक्यावर, केसांना लागेल इतक्या जवळ, दगड. डावीकडे दगड, उजवीकडे दगड. समोर पुढच्या प्रवाशाच्या बुटांच्या टाचा, आणि त्यांच्याही पुढे वर वर चढत गेलेला, कंबरेत वाकल्याशिवाय ज्यात शिरता येत नाही असा तो अरुंद मार्ग. गिझाच्या थोरल्या पिरॅमिडच्या पोटात मी होतो आणि मध्येच थांबलो होतो. पाय पुढे उचलत नव्हते.

"अहो, चला ना पुढे. मागे माणसं थांबलीत," मागून मंगल म्हणाली. मंगल म्हणजे माझी पत्नी. तिला वाटलं मला धाप लागली. निवृत्तीला दोन वर्षं झालेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, त्यात हा चढ! मी मान हलवली आणि कसाबसा वर सरकलो. पण धाप लागलीच नव्हती. थोड्या वेळापूर्वी, या चढाच्या पायथ्याशी, आमच्या वाटाड्याने विजेरीचा झोत एका ठिकाणी टाकला होता आणि तिथे जे दिसलं ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. भोवतालचा चुनखडक फिकट पिवळसर. त्यात करड्या-तांबूस ग्रॅनाइटचा एक चौकोनी तुकडा रुतून बसला होता. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा. असे एकामागे एक तीन दगड तिथे आहेत. मार्गाचं खालचं तोंड मुद्दाम किंचित आवळत आणलेलं आहे, म्हणजे वरून घसरत आलेला दगड तिथे येऊन घट्ट बसावा. साडेचार हजार वर्षं ते दगड तसेच बसून आहेत. आपण आत शिरतो ते त्यांना वळसा घालून, नंतरच्या काळी कुणीतरी मऊ खडकातून खोदलेल्या बोगद्याने.

माझं सगळं आयुष्य नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेलं. अवजड यंत्रं कुठे बसवायची, त्यांचे पाये कसे खणायचे, हे माझं काम. त्यामुळे मला पिरॅमिडचं नवल वाटलं ते लोकांना वाटतं त्या जागी नाही. राजाचं वैभव, सोनं, मृत्यूनंतरच्या प्रवासाच्या कल्पना यांत माझं मन रमलं नाही. निघण्यापूर्वी महिनाभर मी वाचत होतो ते एवढंच, की हे मार्ग बांधले कसे आणि बंद केले कसे. पहिली गोष्ट अशी, की आपल्याला वाटतं तसे ते सगळे खोदलेले नाहीत. सर्वांत खालचा, उतरत जाणारा मार्ग तेवढा मूळ खडकात कोरलेला आहे. पण वरचे मार्ग पिरॅमिड थराथराने चढत असताना, त्या त्या थरात, भिंतीचे दगड आणि छताचे दगड कललेल्या रेषेत रचत नेलेले आहेत. म्हणजे वाट आधी ठरली आणि तिच्याभोवती डोंगर रचला गेला! केवढा संयम असेल त्या माणसांचा, केवढी सूक्ष्म नजर! उघड्या आभाळाखाली, उन्हात, दोरी आणि ओळंबा घेऊन ते एका अशा बोळाची भिंत सरळ करत होते, जो पुढे कधीच ऊन पाहणार नव्हता.

आणि मग तो बंद करण्याची युक्ती. चढता मार्ग संपतो तिथे एकदम छत उंच जातं आणि एक भव्य दालन सुरू होतं, तसंच चढतं, दोन्ही भिंती पायरी-पायरीने वर जाताना एकमेकींकडे झुकत गेलेल्या. त्याच्या कडेने खाचा आहेत. अभ्यासक मानतात, की बंद करायचे दगड या दालनात आधीच आणून ठेवलेले होते, खाचांतल्या लाकडांनी अडवून धरलेले. राजाला आत ठेवलं, विधी झाले, सगळे उतरून गेले. मागे थोडी माणसं राहिली. त्यांनी अडसर काढले आणि एकेक दगड त्या उतारावरून खाली सोडला. राजाच्या खोलीपुढे तर आणखी तीन शिळा दोरांनी लटकवलेल्या होत्या असं म्हणतात, भिंतीतल्या खोबणींतून खाली सरकवायच्या. सगळं नेटकं, सगळं आधी विचार केलेलं. पण तुम्हीही आता तोच प्रश्न विचाराल, जो मला त्या बोळात अडवून उभा राहिला. दगड वरून खाली सोडायचा, तर सोडणारा वर. वाट खाली. मग दगड बसल्यावर तो माणूस गेला कुठे?

उत्तर आहे, निदान अंदाज तरी आहे. त्या उंच दालनाच्या पायथ्याशी एका कोपऱ्यात ओबडधोबड विवर आहे, माणूस जेमतेम सरकेल एवढं. ते वाकडंतिकडं खाली खाली जात सर्वांत खालच्या त्या उतरत्या मार्गाला मिळतं, आणि तिथून बाहेर पडता येतं. त्यातून ते लोक निसटले असावेत. मी हे घरी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत येरझारा घातल्या होत्या. मंगलला वाटलं होतं प्रवासाची हुरहुर आहे. ती प्रवासाची हुरहुर नव्हती. मला काशीराम आठवला होता.

काशीराम सुरगाण्याकडचा. भातकापणी उरकली की त्याच्या पाड्यावरची माणसं जीपने नाशिकला कामाला यायची. तो मात्र अंबडमध्ये टिकला आणि यंत्रं हलवणाऱ्या एका टोळीचा मुकादम झाला. क्रेन जिथे पोचत नाही तिथे काशीरामची टोळी पोचत असे. पाइपांच्या रुळांवरून, लाकडी स्लीपरांवरून, पहारींच्या टोकावर ही माणसं शेडएवढं यंत्र बोटा-बोटाने सरकवत न्यायची. मी तेव्हा तिशीतला अभियंता. तो माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा. तरी मी त्याला नुसतं काशीराम म्हणायचो आणि तो मला साहेब. त्या काळी त्यात कुणाला काही वाटत नसे.

पंचवीस वर्षांपूर्वी, श्रावणात, आमच्याकडे पत्रे दाबून घडवणारा एक मोठा प्रेस आला. तो जमिनीखाली खड्ड्यात उतरवून बसवायचा होता आणि शेडचं छत ठेंगणं. वरून उचलण्याचा प्रश्नच नव्हता. काशीरामने सुचवलं, वाळूने उतरवू. पुलांच्या कामावर असताना तो ते शिकला होता. चार लोखंडी डबे, त्यांत कोरडी वाळू, वाळूवर लाकडाचे ठोकळे आणि ठोकळ्यांवर यंत्राचे चार कोपरे. डब्यांना खाली भोकं. भोकाची गुडदी काढली की वाळू हळूहळू सांडते आणि कितीही जड वस्तू कुणीतरी मांडीवरून मूल उतरवावं तशी खाली येते. मला पुढे वाचताना कळलं, की इजिप्तच्या नंतरच्या काळातल्या थडग्यांतही शवपेटीवरची प्रचंड झाकणं अशीच वाळू सोडून खाली बसवत. काशीरामला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. वाळूचा स्वभाव त्याला हातांनी माहीत होता. आदल्या दिवशी त्याने सगळी वाळू पत्र्यावर भाजून घेतली होती.

वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. खड्ड्याच्या एका भिंतीत विजेच्या तारांसाठी नाळ ठेवलेली होती. हात-दीड हात रुंद, वरून फरशांनी झाकलेली, तीसेक फूट जमिनीखालून जाऊन पॅनेलच्या खोलीत उघडणारी. माझ्या नकाशाप्रमाणे प्रेस बसवण्याआधी तिचं तोंड विटांनी बंद करून फक्त तारांपुरतं भोक ठेवायचं होतं, म्हणजे तेल आणि धूळ पॅनेलकडे जाऊ नये. काशीराम म्हणाला, तोंड आत्ता बुजवू नका, यंत्र बसलं की बुजवा. मी कारण विचारलं. तो म्हणाला, वाळू सोडायला मी खाली असणार. शिडी एकाच बाजूला आहे. यंत्र मध्ये आलं तर मला दुसरी वाट पाहिजे. मी म्हणालो, असं काही होणार नाही. तो म्हणाला, होणार नाहीच साहेब, पण वाट पाहिजे. असा अर्धा दिवस गेला. साहेबलोक दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होते. विटांचं काम मागे राहिलं तर गिलावा ओला दिसेल, नकाशाप्रमाणे काम झालं नाही असं दिसेल, एवढीच माझी काळजी. शेवटी मी त्याला म्हणालो, बरं, राहू दे उघडं.

पुढे झालं ते असं. तिसऱ्या प्रहरी वाळू सोडायला सुरुवात झाली. काशीराम खाली, हातात सळई. त्याची माणसं वर. तीन डबे सुरळीत रिकामे होत होते. चौथ्यातली वाळू हवेच्या ओलीने गोळा झाली आणि सांडायची थांबली. तीन कोपरे खाली, एक वर. प्रेस कलला, एक स्लीपर निसटला आणि शिडीवर आडवा पडला. खालचा दिवा फुटला. धुळीचा लोट वर आला.   मी पॅनेलच्या खोलीकडे धावलो. नाळेच्या तोंडाशी पालथा पडून त्याला हाका मारत राहिलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आतून खरवडल्यासारखा आवाज आला, आणि दोन हात बाहेर आले, रक्ताळलेल्या कोपरांचे, सिमेंटच्या धुळीने पांढरे झालेले. आम्ही त्याला ओढून घेतला. त्याने आधी पाणी मागितलं आणि मग वरची माणसं मोजली.

संध्याकाळी कारखान्याचे व्यवस्थापक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की तुम्ही ती नाळ उघडी ठेवलीत म्हणून एक माणूस वाचला. पुढे कितीतरी वर्षं, नवीन अभियंत्यांना सुरक्षिततेविषयी सांगताना, तिथे माझं उदाहरण देत. मी समोर बसलेला असे. मी काही बोलत नसे.

इजिप्तहून परतल्यावर मला घरात बसवेना. सकाळी फिरायला जायचं ते दोन-दोन तास परत यायचं नाही. वाचायला घ्यावं तर त्याच पानावर अडकून राहावं. मनुष्याचं मन हे काय विलक्षण बांधकाम आहे! आपणच आत काही नेऊन ठेवतो, आपणच त्याच्यापुढे शिळा उतरवतो, वर्षानुवर्षं त्या भिंतीला पाठ लावून सुखाने बसतो. आणि मग कुठल्या तरी परक्या देशात, परक्या राजाच्या थडग्यात, आपल्याच भिंतीला हात लागतो. मंगलने एक दिवस चहा पुढे ठेवता ठेवता विचारलं, की तुम्हाला तिथे नेमकं काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, नंतर एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगता? मी कुठे होते त्या खड्ड्यात?"

म्हणून मी सुरगाण्याला गेलो. जुन्या टोळीतल्या एकाकडून पत्ता मिळवला. दिंडोरी गेली, द्राक्षबागा गेल्या, वणी मागे पडली, घाट लागला आणि सागाच्या पानांचा वाळका, तपकिरी पसारा दोन्ही बाजूंनी सुरू झाला. शेवटचा टप्पा जीपने. काशीराम आता थकला होता. खळ्यावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, काड रचत होता. त्याने मला ओळखलं, बाज ओढून दिली, आणि मी कधी नव्हे तो त्याला काशीरामभाऊ म्हणालो. त्याच्या ते लक्षात आलं. तो किंचित हसला.

काय बोलावं ते सुचेना तेव्हा मी पिरॅमिडचं सांगू लागलो. सारवलेल्या अंगणात काटकीने रेघा ओढल्या. हा उतार, हे उंच दालन, हे इथे अडवलेले दगड. ते सोडले की असे घसरत येऊन इथे बसायचे. तो उकिडवा बसून बघत होता. त्याने राजा कोण ते विचारलं नाही, सोनं किती होतं ते विचारलं नाही. दगडांचं वजन तेवढं विचारलं, आणि लगेच दुसरा प्रश्न. "आन् सोडणारा कुठं उभा व्हता?"

मी वरच्या बाजूला बोट ठेवलं.

"मंग तो भायेर कसा आला?"

मी ते वाकडं विवर काढून दाखवलं. त्याने काटकी माझ्या हातातून घेतली आणि त्या रेघेवरून सावकाश फिरवली, वरून खाली, मग खालून वर. मी म्हणालो, की ही वाट आधीपासून योजलेली होती की कामगारांनी गुपचूप खोदली याबद्दल विद्वानांत एकमत नाही. कुणी म्हणतं ती हवेसाठी असेल.

"आमच्यासारख्या कुणीतरी मागितली आसंल," काशीरामभाऊ म्हणाले. "मागितल्याबिगर कोन देतो?"

त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराविषयी काढलेला तो साधा निष्कर्ष होता. पण माझ्याने पुढे गप्प राहवेना. मी त्यांना सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगतो, कारण वर ती हकीकत मी जशी लिहिली तशीच मी ती पंचवीस वर्षं लोकांना ऐकू दिली आहे, आणि ती अपुरी आहे.

'राहू दे उघडं' असं काशीरामला म्हणून मी सरळ रफिककडे गेलो होतो. रफिक आमचा गवंडी. जेवणाच्या सुट्टीत, टोळी बाहेर असताना, नाळेचं खड्ड्याकडचं तोंड बांधून टाक असं मी त्याला सांगितलं. तो विटा घेऊन खाली उतरला तर काशीराम त्या तोंडातच बसून भाकरी खात होता. त्याने रफिकला हाकलून लावलं आणि माझ्याकडे येऊन तक्रार केली. मी म्हणालो, चुकून आला असेल. आणि तो गेल्यावर मी रफिकला पुन्हा बोलावून सांगितलं, की मग दुसरं टोक बांध, पॅनेलच्या खोलीतलं. तिथे कुणाचं लक्ष जाणार नाही.

म्हणूनच मी त्या दुपारी पॅनेलच्या खोलीकडे धावलो होतो. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. त्या टोकाला ओली भिंत उभी आहे आणि आत अंधारात एक माणूस सरपटत तिच्याकडे येतो आहे, हे मला ठाऊक होतं म्हणून. खोलीत रफिक उभा होता. शेजारी विटांची चवड, घमेल्यात घट्ट झालेला सिमेंटचा माल. तोंड उघडं होतं. तो म्हणाला, माल बसला साहेब, लावता आला नाही. मी पालथा पडलो आणि हाका मारू लागलो.

काशीरामभाऊ उठले. काडाच्या गंजीकडे गेले, निसटलेल्या चार पेंढ्या पुन्हा वर टाकल्या, परत आले. मला वाटलं आता ते मला काहीतरी म्हणतील. म्हणावं अशी माझी इच्छाही होती. ते म्हणाले, "त्या गवंड्याला मी लय घान घान बोललो व्हतो, साहेब. सगळ्यांम्होरं. मंग टोळीच्या कोनत्याच कामाला त्याला घेऊ दिला नाय. जीव घ्यायला आलता म्हनलो."

हे मला ठाऊक नव्हतं. रफिक दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडून दिसेनासा झाला होता, आणि कंत्राटी माणसं येतात, जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या एका वाक्याचं ओझं तो माणूस घेऊन गेला होता. काशीरामभाऊंनी विचारलं, तो आहे का? मी म्हणालो, मला माहीत नाही. तेव्हा प्रथमच त्यांच्या डोळ्यांत राग दिसला.

"मंग हुडका," ते म्हणाले. "आन् मला घेऊन चला."

हुडकायला एक सकाळ पुरली. मी राहतो नाशिकच्या इंदिरानगरात. रफिकभाई राहत होते शेजारच्याच वडाळ्यात. पायी गेलं तर अर्धा तास. पंचवीस वर्षांत मी त्या रस्त्यावरून किती वेळा गेलो असेन! दोन दिवसांनी सकाळच्या गाडीने काशीरामभाऊ आले. धुवट सदरा, टोपी, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. आम्ही दोघे त्या घरी गेलो. रफिकभाईंनी आता काम सोडलं होतं. सिमेंटने बोटांची कातडी कायमची चिरलेली. दार त्यांच्या सुनेने उघडलं. ते आतून आले, आधी काशीरामभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बसा साहेब."

काशीरामभाऊ बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी त्या दिवशीच्या शिव्यांबद्दल हात जोडले. म्हणाले, मला वाटलं तू आपल्या मर्जीने आलास. आज कळलं तुला पाठवलं होतं. मग मी बोललो. जे अंगणात सांगितलं होतं ते पुन्हा सगळं, या खेपेला ज्याच्यावर ते लादलं होतं त्याच्यासमोर. शेवटी म्हणालो, की त्या दिवशी नशिबाने माल बसला, नाहीतर माझ्या हातून माणूस मेला असता.

रफिकभाई माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू एखाद्या शिकलेल्या माणसाने साधी बेरीज चुकवली होती.

"माल काय आपोआप बसतो, साहेब?" ते म्हणाले. "तीस साल गवंडीकाम केलं मी. माल कधी बसतो ते मला कळत नाही? मीच बसू दिला. घमेलं समोर ठेवून नुसता बघत बसलो."

 ते पुढे सांगू लागले, अगदी शांतपणे. जेवणाच्या सुट्टीत काशीरामने त्यांना घातलेल्या शिव्यांत एक गोष्ट त्यांच्या कानांवर पडली होती, की आत माणूस असणार आहे. तोवर त्यांना ते माहीत नव्हतं; मी सांगितलं नव्हतं. मग मी त्यांना दुसरं टोक बांधायला पाठवलं. नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. नाही म्हणालो असतो तर तुम्ही दुसरा गवंडी पाठवला असता, ते म्हणाले. म्हणून हो म्हणालो, माल कालवला, आणि बसू दिला. तुम्ही विचारलंत तर सांगायला कारण झालं. पण त्याबद्दल नंतर कुणाशी बोललात का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, काय बोलणार? काम केलं नाही, हीच तर गोष्ट. न केलेलं काम कोण दाखवतं?

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. काशीरामभाऊ तेव्हा कुठे त्यांच्या शेजारी, त्यांच्याच गादीवर बसले, आणि दोघे बोलू लागले. गुडघ्यांविषयी, मुलांविषयी, हल्लीच्या सिमेंटविषयी. मी समोरच्या खुर्चीवर होतो. माझ्याकडे कुणी पाठ केली नव्हती, कुणी कठोर शब्द बोललं नव्हतं. तरीही ते दोघे जिथे होते तिथे मला शिरता येत नव्हतं. चहा झाल्यावर रफिकभाई काशीरामभाऊंना गाडीपर्यंत सोडायला निघाले. मीही निघालो, चार पावलं मागून.

तुम्हाला वाटेल, आता या माणसाचं मन निवलं असेल. नाही निवलं. इजिप्तमध्ये जी बेचैनी पायांत आली ती अजून पायांत आहे. फक्त आता ती कुठे वळवायची ते मला कळलं आहे. त्या प्राचीन दगडांविषयी लिहिणारे विद्वान वास्तुकाराचं नाव शोधतात, राजाचं नाव शोधतात, आणि त्यात गैर काही नाही. पण एखाद्या दुपारी, कुणीतरी 'बुजव' म्हणून सांगितलेलं ते विवर एखाद्या गवंड्याने बुजवलं नसेल. माल समोर ठेवून तो नुसता बसला असेल. त्याची नोंद कुठल्या भिंतीवर असणार? न केलेल्या कामाला शिलालेख नसतो.

गेल्या आठवड्यात मी अंबडला जाऊन आलो. नव्या अभियंत्यांना अजूनही माझं उदाहरण देतात. मी परवानगी मागून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. काहींनी माना खाली घातल्या, एका मुलीने वहीत काही लिहून घेतलं. जुने सहकारी म्हणाले, इतक्या वर्षांनी याची काय गरज होती?  मी तर इथे लिहूनही ठेवतो, कारण जे ऐकलं ते विसरलं जातं. ती नाळ मी उघडी ठेवली नव्हती. काशीरामभाऊंनी ती मागितली, आणि रफिकभाईंनी ती उघडी ठेवली.